एक चेहरा, दोन हवामानं

मंडळी, या वीकेंडचा विषय चक्क मॉइश्चरायझर! हसू नका. पुण्याच्या कोरड्या थंडीत नाका-कपाळावर तेलाचा तवंग आणि गालांवर पापुद्रे, हा प्रकार बऱ्याच जणांना माहीत असेल. एकाच चेहऱ्यावर कोकण आणि माणदेश :) याला म्हणतात कॉम्बिनेशन स्किन. कपाळ, नाक, हनुवटी इथे तैलग्रंथी जास्त, गालांवर कमी. आजार वगैरे काही नाही, जडणघडणच तशी.

माझी मामेबहीण हिंजवडीत दिवसभर एसीत बसते. "दादा, तू इंजिनियर ना? मग एक हलकं क्रीम शोधून दे," असं फर्मान आलं. मामी लगेच म्हणाली, "गोरं करणारं बघ रे, स्थळं येतायत."

आली का पंचाईत! बसलो लेबलं वाचत. यात मुख्य माल तीन प्रकारचा. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात. काही स्निग्ध घटक त्वचा मऊ करतात. आणि पेट्रोलियम जेलीसारखे घटक झाकण घालतात, पाणी उडू देत नाहीत. चिकट, जड वाटतं ते मुख्यतः या झाकणामुळे. म्हणून अशा त्वचेला जेल किंवा पातळ लोशन बरं. लेबलावर जास्त प्रमाणातले घटक आधी लिहिलेले असतात, त्यामुळे ग्लिसरीन वरच्या चार-पाचांत दिसलं की निम्मं काम झालं. 'नॉन-कोमेडोजेनिक' शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास नको, त्याची एकच सर्वमान्य चाचणी नाही.

राहता राहिलं गोरेपण. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झालं. डबीवरचा शब्द गेला, पण आपल्या बायोडेटातली 'वर्ण : निमगोरा' ही ओळ अजून जागच्या जागी! मॉइश्चरायझरचं काम पाणी टिकवणं, रंग बदलणं नव्हे. हे मामीला सांगितलं. तिला फारसं पटलं नाही. बहिणीने मात्र साधं ग्लिसरीनचं जेल घेतलं आणि बायोडेटातली ती ओळच उडवली. "लोक विचारतील गं!" "विचारू देत."

असो. तुम्हीही घेणार असाल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला चार दिवस लावून बघा. तोंड धुतल्यावर त्वचा ओलसर असतानाच लावा, गालांवर दोन बोटं जास्त, नाकावर नावापुरतं. आणि रंगाचं आश्वासन देणारी डबी दिसली, तर दुकानदाराला नम्रपणे परत द्या!