घोड्याच्या खुराची बाही : मांचू पोशाखाची कथा

#थ्रेड

१. चिंग दरबारातील एक दृश्य डोळ्यांसमोर आणावे. मांचू अधिकारी सम्राटासमोर येतो. त्याच्या अरुंद बाह्यांची टोके मनगटावर उलटी दुमडलेली असतात. तो दोन्ही बाह्या झटकून खाली सोडतो आणि मगच गुडघा टेकतो. हाताच्या पाठीवर उतरलेली ती टोके घोड्याच्या खुरासारखी दिसतात. चिनी भाषेत या बाहीचे नावच मुळी ‘अश्वखुर-बाही’ असे आहे.

२. ही बाही दरबारात जन्मली नाही. मांचूंचे पूर्वज जुर्चेन हे आजच्या ईशान्य चीनमधील थंड, अरण्यमय प्रदेशात राहत. कडाक्याच्या थंडीत धनुष्य ओढताना हाताची पाठ झाकलेली आणि बोटे मोकळी राहावीत, हा तिचा उपयोग. झगा अंगरख्यासारखा उजवीकडे बंद होणारा. मांड ठोकता यावी म्हणून खाली चिरा. कमरेला पट्टा आणि त्याला अडकवलेला चाकू. अवघा पोशाखच घोडेस्वाराचा.

३. १६३६ साली होंग ताईजी याने चिंग राजवंशाची घोषणा केली. त्याच वर्षी त्याने सरदारांना बाराव्या शतकातील एका जुर्चेन सम्राटाचे चरित्र वाचून दाखवविले. जुर्चेनांच्या त्या जुन्या ‘चिन’ राजवंशाने ११२७ मध्ये उत्तर चीन जिंकला, हळूहळू तेथील रीतिभाती उचलल्या आणि १२३४ मध्ये तो मंगोलांपुढे नामशेष झाला.

४. होंग ताईजीने त्यातून काढलेला बोध रोखठोक होता. ढगळ कपडे आणि रुंद बाह्या घालून आपण बसलो असता एखादा शूर योद्धा अचानक आत घुसला, तर त्याला आपण अडवू शकू काय? त्याच्या दृष्टीने बाहीची रुंदी हा राज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता.

५. १६४४ मध्ये मांचूंनी पेकिंग घेतले. पुढच्याच वर्षी हान पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी राखावी, असा हुकूम निघाला. मुदत दहा दिवसांची आणि नकाराची शिक्षा मृत्यू. पोशाखही बदलणे भाग पडले. च्यांगयिन नगराने ८० दिवसांहून अधिक काळ झुंज दिली. नगर पडल्यावर तेथे भीषण कत्तल झाली. स्वतःची ओळख पुसली जाईल या भयाने ग्रासलेल्यांनी दुसऱ्यांची ओळख तलवारीने पुसली.

६. हान स्त्रियांना मात्र ही सक्ती नव्हती. त्यामुळे एकाच शहरात दोन परंपरा नांदल्या. हान स्त्री आखूड झगा व घागरा नेसे आणि तिचे पाय बांधलेले असत. मांचू स्त्री एकसंध लांब झगा घाली, पाय बांधीत नसे आणि एकेका कानात तीन-तीन कर्णभूषणे घाली. तरुण मुली एकच भूषण घालू लागल्या, तेव्हा छियानलुंग सम्राटाने त्यांना फटकारले.

७. याच सम्राटाच्या काळात, १७५९ मध्ये, दरबारी पोशाखाचे सचित्र नियम सिद्ध झाले. त्यांतही एक विसंगती आहे. राजवस्त्रावरील ड्रॅगन आणि बारा राजचिन्हे प्राचीन चिनी परंपरेतली; बेत मात्र घोडेस्वाराचा. शिवण मांचूंची, भरतकाम चीनचे.

८. बाही राहिली, पण धनुष्य हातातून सुटत गेले. छावण्यांतील पिढ्या शहरी झाल्या, बोलण्यात चिनी आली. एकोणिसाव्या शतकात तर मांचू स्त्रियांच्या घरगुती झग्यांच्या बाह्याही रुंद झाल्या.

९. १९११ च्या क्रांतीत तोच पोशाख जिवावर उठला. शिआन येथे मांचूंची कत्तल झाली. न बांधलेले पाय आणि लांब झगा यांवरून स्त्रिया ओळखू येत. अनेक कुटुंबांनी नावे बदलली आणि कपडे लपविले. जो वेष एके काळी सत्तेची खूण होता, तो आता अंगावर असणे धोक्याचे झाले.

१०. नियतीचा खेळ असा की, १९२० च्या दशकात चिनी शहरांतील तरुणी ‘छीपाओ’ घालू लागल्या. शब्दाचा अर्थ ‘ध्वजवाल्यांचा झगा’. मांचूंच्या लष्करी ‘ध्वज’ व्यवस्थेवरून मांचूंना ध्वजवाले म्हणत. या वस्त्राच्या उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नावात मात्र ते लोक आजही आहेत. १९२९ मध्ये प्रजासत्ताकाने अशा झग्याला स्त्रियांच्या औपचारिक वेषात स्थान दिले.

११. आज चीनमध्ये एक कोटीहून अधिक लोक स्वतःला मांचू म्हणवितात. मांचू ही मातृभाषा असलेले मात्र थोडेसेच वृद्ध उरले आहेत. होंग ताईजीला वाटले होते की वेष गेला तर लोक जातील. घडले ते वेगळेच. वेष कायद्याने जवळजवळ तीन शतके टिकला. घोडा, धनुष्य आणि भाषा त्याच्या आतून निघून गेली. ज्या बाहीने थंडीत हात झाकला होता, तिच्यात अखेर उरली ती मुजऱ्याची एक झटक.