जोर शिकताना: भाचीला पत्र

मुरगूड

चि. सायलीस,


पोलीस भरतीसाठी रोज बैठका मारतेस, असं ताई म्हणाली. ऐकून बरं वाटलं. पण आकडा वाढवायच्या नादात गुडघे धरून बसलीस, असंही कळलं. गामा पैलवानाच्या हजारो बैठकांच्या गोष्टी सगळेच सांगतात. पण तालमीतल्या पोराचा अख्खा दिवस मेहनत, खुराक आणि झोपेवर बेतलेला असतो गं. तुला क्लास आहे, मेसचं जेवण आहे.

आपल्या बैठकीत टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो आणि गुडघ्यावर ताण वाढतो. दुखणं थांबेपर्यंत टाचा टेकवून, अर्ध्यावरच बस. सूज आली तर डॉक्टरांना दाखव.

जोर मात्र नीट शिकून घे. हात-पाय जमिनीवर, कंबर वर. छाती मातीला लागेल न लागेल अशी खालून पुढे काढायची, मान वर, पाठीला बाक, की परत मागे. खांदे, दंड, छाती, पोट एकदमच राबतं. मागे जाताना मांड्या मागून ताणल्या जातात. खांद्यात ताकद येते आणि तो आखडतही नाही, म्हणून मला जोर साध्या पुशअपपेक्षा उजवा वाटतो. तुझ्या गोळाफेकीलाही असाच खांदा हवा. श्वास कोंडू नकोस.

जोर मारण्यात ढकलणं आहे, ओढणं नाही. म्हणून पैलवान दोरही चढतात. हॉस्टेलवर बार असेल तर त्याला लटकायला लाग. आणि तेच जोर रोज मारून पुढे नुसता दम वाढतो. ताकद हवी तर खाली जाताना सावकाश जा, तळाला क्षणभर थांब.

मातीतली ही मेहनत कमी समजू नकोस. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव लाल मातीत घडले आणि १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटवर कांस्यपदक जिंकले. आपल्या मंडलिक कुस्ती संकुलातल्या मुलीही आता मॅटवर लढतात. त्यांना बघितलं की तुझी आठवण येते.

पळणं सोडू नकोस. मैदानी चाचणीच्या ५० गुणांतले २० गुण ८०० मीटरचे आहेत आणि तो दम पळूनच येतो. पाडव्याला ये, जोर मारून दाखव. कोपर कुठं फाकतंय ते बघतो.

तुझा,
मामा