नोडोण

आम्ही दोघे बोलायचो मराठीत. तिची घरची भाषा कन्नड. पण रुसली तरी ती मराठीतच रुसे. महिनाभर मात्र किल्ला तलावावर जाऊ म्हटले की उत्तर ठरलेले, "नोडोण." बघूया म्हणजे नाहीच! पूर्वी पाच मिनिटे उशीर झाला तरी भांडायची. आता अर्ध्या तासाने गेलो तरी चकार शब्द नाही. या न भांडण्याचीच मला धास्ती वाटते. परवा माझी अकाउंट्सची वही तिने न मागता परत केली, तीही कव्हर घालून. येणे बुडेल असे दिसताच तरतूद करावी, असे वर्गात शिकलो. मी अजून केलेली नाही.

काल तिला कन्नडमध्येच विचारले, रविवारी येशील का?

ती मराठीत म्हणाली, "शी, किती चुकीचं बोलतोस रे!"

येते की नाही, ते सांगितलेच नाही.