मूळचे कुठले?

मुंबईहून गावी येताना एसटीत शेजारच्या काकांनी माझे नाव विचारले. ते ऐकून पुढचा प्रश्न आला, "तुम्ही मूळचे कुठले?"

"खारेपाटणचा."

"तसं नव्हे हो, मूळचे?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

गावात उतरलो आणि शुकनदीच्या पुलावर थोडा थांबलो. आज येथे जहाज येत असेल असे कुणाला वाटणार नाही. पण हीच नदी पुढे वाघोटणची खाडी होते आणि विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते खाडीतून इथवर चढून येत.

आमच्या गावात एका ब्राह्मणाकडे शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट मिळाला. तो शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८ मधला. त्याचे भाषांतर पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी प्रसिद्ध केले. राजाने अव्वेश्वराच्या शिवमंदिरासाठी गावे दिली. शिवाय परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याणक सोने लावून दिले. चेमूल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातले चांदोर, या बंदरांची जहाजे मात्र वगळली.

त्याच चौलला इ.स. ९१६च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी आला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे आणि कितीतरी इथल्याच मातीत जन्मलेले. म्हणजे ताम्रपटाच्या नव्वद वर्षे आधीच 'इथले' झालेले.

ताम्रपटातही जहाज कुठून आले याचीच विचारणा आहे. पण ती जकातीपुरती. सोने द्या, माल उतरवा, पुढच्या मोसमी वाऱ्याची वाट पाहा. नाखवा कुणाची प्रार्थना करतो, याची नोंद नाही. त्या सोन्यातून शिवाची पूजा चाले, मठातल्या तपस्व्यांना अन्नवस्त्र मिळे.

नाखवा हा शब्दही फारसी 'नाखुदा'वरून आला. आज तो कोळ्यांचे आडनाव आहे आणि कोकणी मुसलमानांचेही. त्याला कुणी मूळ विचारत नाही.

पुन्हा कधी ते काका भेटले तर गप्प बसणार नाही. खारेपाटणचा, एवढेच पुन्हा सांगेन. आणि गाडी कणकवलीपर्यंत जाणार असेल, तर ताम्रपटाची गोष्टही.