चार वर्षांत दामदुप्पट

पुरानी बस्तीत महामाया मंदिराजवळ माझ्या पलटणीतले एक निवृत्त हवालदार राहतात. रविवारी चहाला गेलो. म्हणाले, "साहेब, तीन लाख एका कंपनीत टाकतोय. चार वर्षांत दामदुप्पट!"

मी ७२ला ४ने भागून दाखवलं: वर्षाला १८ टक्के. पीपीएफला ७.१ टक्के मिळतात. तिथे दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. "मग हे १८ कुठून देणार?" ते गप्प.

मग घरीही कधी न सांगितलेलं त्यांना सांगितलं. लेफ्टनंट असताना अशाच दामदुपटीत माझे चाळीस हजार बुडाले होते.

पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं सैन्यातून निवृत्त झालेल्यांना साठीआधी, पन्नाशीतही उघडता येतं. हवालदारसाहेब बावन्न वर्षांचे आहेत. सोमवारी आम्ही दोघं पोस्टात जाणार आहोत.