एक आख्खं गाणं

नोव्हेंबर २०२३ संपता संपता नगर जिल्ह्यात अवकाळीनं दाणादाण उडवली होती. पारनेरकडे गारा पडल्या, उभी पिकं आडवी झाली. त्याच दिवसांत झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची महाअंतिम फेरी झाली आणि आमच्या कोपरगाव तालुक्यातली गौरी अलका पगारे जिंकली. पाराशी बसून नुकसानीचं बोलणारी माणसं मधेच थांबून म्हणायची, "पण पोरीनं नाव काढलं बरं का." ती नावात आईचं नाव लावते, हेही बायका एकमेकींना आवर्जून सांगत होत्या. अंतिम फेरीत तिच्यासोबत जयेश खरे होता, तोही नगर जिल्ह्यातलाच. 'चंद्रमुखी' चित्रपटातलं 'चंद्रा' हे गाणं तो शाळेत गात असतानाचा व्हिडिओ मोबाइलवरून गावोगाव फिरला होता. पुढे अजय-अतुल यांनी त्याला 'महाराष्ट्र शाहीर'मध्ये गायला घेतलं.

'चंद्रा' मूळ गायलंय श्रेया घोषालनं. आणि श्रेया लहानपणी पुढे आली ती 'सारेगम'च्याच मुलांच्या विशेष भागांतून. एका मुलीनं एका मंचावरून उचललेला सूर वीस-बावीस वर्षांनी नगरच्या एका शाळेतल्या पोराच्या गळ्यात उतरतो आणि ते पोरगं त्याच नावाच्या मंचावर जाऊन उभं राहतं. हे आठवलं की या कार्यक्रमाविषयी कडवट बोलणं माझ्या जिवावर येतं.

तरीही बोलायला हवं. कार्यक्रम आता जुनाट झालाय, असं घरोघर ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहे. हिंदीत तो १९९५ साली सुरू झाला. सोनू निगम निवेदक होता, समोर मोठमोठे संगीतकार आणि शास्त्रीय गायक परीक्षक म्हणून बसत. मराठीत तो २००६च्या सुमारास आला. आणि २००८च्या पावसाळ्यात ती पाच पोरं आली: कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत. पल्लवी जोशी त्यांच्याशी बोलायची, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. फेब्रुवारी २००९मध्ये आळंदीची कार्तिकी जिंकली, त्यावर कितीतरी दिवस लोक वाद घालत होते.

तेव्हा गुणही सुरांतच मिळायचे. 'नी' मिळाला की पोरगं हरखायचं, 'ध'वर थांबलं की चेहरा उतरायचा. आमच्या घरात परीक्षकांच्या आधी माझी आत्या गुण देऊन मोकळी व्हायची. तिला स्वरज्ञान नव्हतं, पण आयुष्यभर काकड्याला बसलेला कान होता. "वर जाताना हललं," एवढंच म्हणायची, आणि पुष्कळदा परीक्षकही तेच म्हणायचे. जाहिराती लागल्या की घरात भांडण. कुणाला आर्याचा गोडवा, कुणाला प्रथमेशची कोकणी ठेवण. घर गाणं ऐकत होतं, आणि ऐकता ऐकता शहाणं होत होतं.

कमी झालं ते हे. आता जवळजवळ प्रत्येक गाण्यानंतर परीक्षक उभे राहतात, टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात. सगळंच अप्रतिम ठरलं की ऐकणाऱ्याला निवडायला काही उरत नाही. गाण्याआधी पोराच्या घराची चित्रफीत लागते: चूल, पत्रा, आईचे हात, मागे व्हायोलिन. ती गरिबी खरीच असते. पण ती आधी दाखवली की गाणं आपण दयेनं ऐकतो, आणि दयेला बेसूर ऐकू येत नाही. गरिबाच्या पोराचा खरा अपमान मला तिथे दिसतो. त्याचा षड्ज कुणाच्याही षड्जाशेजारी ठेवून पारखावा, एवढाच मान त्याला हवा असतो. शिवाय गाणं निम्मंअर्धं कापलेलं. एक अंतरा, एक आलाप, एक तान, की टाळ्या. गाणी तरी किती? तीच शे-दोनशे, फिरून फिरून.

फिरून तेच येतं म्हणून कार्यक्रम शिळा झाला, हे मात्र मला पटत नाही. आमच्या भागात सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा हरिनाम सप्ताह पावणेदोनशे वर्षांच्या आसपास चालत आलाय. दरवर्षी तेच. विणा खाली ठेवायचा नाही, रात्रंदिवस भजनाचा प्रहरा, गावोगावच्या भाकरी, कढईतली आमटी, कीर्तनाला तेच अभंग. लाखो माणसं येतात आणि कुणी म्हणत नाही की बुवा, यंदा नवीन काय? कारण अभंग तिथे पुरता म्हटला जातो, आणि ऐकणारा त्यात आपला आवाज मिसळतो. मागच्या रांगेत टाळ धरून उभं असलेलं पोरगं लयीत पुढे धावलं, तर शेजारचा म्हातारा बोलत नाही, नुसता टाळ जरा दाबून वाजवतो. पोरगं सावरतं. आमच्या गावच्या भजनी मंडळात एक पखवाजी होते, फार कडक. कुणाला सहसा 'वा' म्हणायचे नाहीत. ज्याला म्हणाले त्याला तो 'वा' जन्मभर पुरला.

वाहिनीचा कार्यक्रम म्हणजे सप्ताह नव्हे, ठाऊक आहे मला. तिथे जाहिरातदार आहेत, घड्याळ आहे. पण २००८ सालीही ते होतंच, आणि तरी पोरांना चूक सांगितली जायची. २०२३च्या परीक्षकांत सुरेश वाडकर, सलील कुलकर्णी आणि वैशाली माडे होते. वैशाली माडे हिंगणघाटची. मराठी 'सारेगमप' जिंकली आणि मग २००९चं हिंदी पर्वही. चूक ऐकून घेतल्याशिवाय गळा तिथवर पोचत नाही, हे तिच्याइतकं कोण जाणेल?

कार्यक्रम बंद करा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. शहरातल्या मुलांना गाण्याचे वर्ग आहेत, महोत्सव आहेत, ओळखी आहेत. कोपरगाव-नेवाशाकडच्या पोराला मुंबईत नेणारी वाट आजही मुख्यतः हीच आहे, आणि त्याच्यासाठी ती जुनी झालेली नाही. तो तर पहिल्यांदाच चालतोय. जुनं झालंय ते त्याच्याभोवती मांडलेलं सगळं.

म्हणून कार्यक्रम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढचं पर्व येईल तेव्हा दर भागात निदान एका मुलाला एक आख्खं गाणं, सगळ्या अंतऱ्यांसकट, मधे न तोडता गाऊ द्या. घराची गोष्ट सांगायचीच असेल तर गाण्यानंतर सांगा. सूर ढळला असेल तर मायेनं, पण स्पष्ट सांगा. आणि आपण, जे या जिल्ह्यात राहतो, त्यांनी जिंकलेल्या पोरांचे नुसते फलक लावून थांबू नये. प्रत्येक मोठ्या गावात आठवड्यातून दोन दिवस पेटी-तबल्यावर बसवणारा एक गुरुजी वर्गणी काढून ठेवता येईल. मंदिराच्या रंगकामाला जमते तेवढी वर्गणी त्याला पुरून उरेल.