मदरबोर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, माझ्या मागे कोणी उभं आहे की काय! पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेली, मराठीचा संबंध आठवड्यातल्या चार तासांपुरता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र पक्का आहे. सबमिशनच्या आठवड्यात ज्यांच्या लॅपटॉपने मान टाकली आहे, त्या सर्व हॉस्टेलवासीयांना हा लेख सप्रेम अर्पण.

माझा लॅपटॉप २०१७ सालचा. आत्तेभावाने वापरून वापरून, नोकरीत नवा मिळाल्यावर मला दिलेला. सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि वजन इतकं की आमच्या विंगमध्ये त्याला ‘वरवंटा’ म्हणतात. यंदा जानेवारीत, मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनला दहा दिवस राहिले असताना, वरवंट्याने चार्ज होणं बंद केलं. बॅटरीत होतं तेवढं संपलं आणि स्क्रीन काळी झाली. एक गंमत मात्र लक्षात आली. चार्जरची पिन लावली की चार्जरवरचा दिवा विझायचा, पिन काढली की दिवा परत लागायचा.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. तिथल्या मुलाने पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन सांगितलं, “मॅडम, मदरबोर्ड गेला. १९,५०० रुपये, वर जीएसटी. त्यापेक्षा नवीनच घ्या ना!” तो वाईट माणूस नव्हता. त्यांच्याकडे बोर्ड काढायचा आणि दुसरा बसवायचा एवढीच पद्धत. बोर्डाच्या आत काय बिघडलंय हे बघायचा त्यांना वेळही नसतो आणि परवानगीही. पण नऊ वर्षांच्या म्हाताऱ्यावर वीस हजार घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, हे गणित मलाही कळत होतं.

हॉस्टेलवर तर सल्ल्यांचा पाऊस. “घे की नवीन, ईएमआयवर मिळतो.” “प्लेसमेंटला हा डबा घेऊन बसणार का?” आणि सगळ्यात लाडका टोमणा, “तू ईएनटीसीला आहेस ना? मग तूच कर की दुरुस्त!” हा शेवटचा जरा लागला, खरं सांगायचं तर.

नवा बरा लॅपटॉप म्हणजे ५५,००० च्या पुढे. घरी फोन केला. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. माझ्या कॉन्व्हेंटच्या फीपासून ताईच्या लग्नापर्यंत सगळं त्या एका पगारावर झालंय. लग्नाच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. बाबा एका दमात म्हणाले, “सोसायटीतनं अजून काढतो, तू काळजी करू नकोस.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “पण गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?”

मी म्हटलं, मदरबोर्ड.

“अगं, ते नाव झालं. बिघाड काय आहे?” मग त्यांनी समजावलं. ड्रायव्हर गाडी आणून लावतो आणि म्हणतो, इंजिन गेलं. उघडून बघावं तर कितीदा डिझेलच्या लाइनीत हवा धरलेली असते. पंपाने हवा काढली की गाडी चालू! “इंजिन गेलं म्हणणाऱ्याच्या शब्दावर आम्ही इंजिन उतरवत बसलो असतो, तर डेपोत एक गाडी उभी राहिली नसती.” बाबांना लॅपटॉपमधलं काही कळत नाही. मला त्यातलं निदान पुस्तकी तरी कळतं, आणि तरी हा प्रश्न मला नाही, त्यांना पडला.

दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबमधल्या काकांना गाठलं. त्यांनी बाकी काही न ऐकता विचारलं, “बॅटरी होती तोवर चालत होता?” हो म्हटलं. “मग बोर्ड मेला कसा? बॅटरीवर सगळा बोर्डच चालतो की!” खरंच की. प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, सगळं शेवटच्या मिनिटापर्यंत चालत होतं. बिघाड फक्त चार्जरकडून आत येणाऱ्या वाटेवर होता. काकांनी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर टाकला, एक प्रोब चार्जिंग जॅकच्या मधल्या पिनेला, दुसरा ग्राउंडला. पीऽऽऽप! एकोणीस व्होल्टची लाइन सरळ ग्राउंडला टेकलेली. म्हणून चार्जर स्वतःला वाचवायला बंद पडत होता आणि दिवा विझत होता. चार्जरने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, ऐकणारं कोणी नव्हतं!

शॉर्ट आहे हे कळलं, कुठे आहे हे कळायचं होतं. त्यासाठी काकांनी मला बुधवार पेठेत पाठवलं. आपण सगळे रेझिस्टर नि ब्रेडबोर्ड आणायला तापकीर गल्लीत जातो, त्याच भागात एका पोटमाळ्यावर एक दादा नुसते बोर्डच दुरुस्त करतात. मायक्रोस्कोप, हॉट एअर आणि कोपऱ्यात उदबत्ती. त्यांनी पॉवर सप्लाय एक व्होल्टवर ठेवला, करंटला मर्यादा लावली आणि त्या शॉर्ट झालेल्या लाइनीत सोडला. एवढ्या कमी व्होल्टेजला बाकी काही जळत नाही, पण जिथून करंट ग्राउंडला पळतोय ती जागा तापते. मग बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब पसरले. सगळीकडे ओलं, आणि जॅकजवळचा एक ठिपका डोळ्यांदेखत वाळला! तिथे तिळाएवढा सिरॅमिक कपॅसिटर होता. (संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून तीळच आठवला.) हे कपॅसिटर ठिसूळ असतात, बोर्डाला पीळ बसला की आत तडा जातो आणि तडा गेलेला कपॅसिटर बऱ्याचदा ओपन न होता शॉर्टच होतो. जॅकपाशी पिन रोज ओढली-ढकलली जाते, त्यामुळे तिथला आधी जातो. दादांनी तो उचलला, मीटर लावला, पीप बंद. दुसरा बसवला. घेतले १,२०० रुपये.

आता “आणि अशा रीतीने वरवंटा पुन्हा सुखाने नांदू लागला” असं लिहून मोकळं व्हायला हवं. पण तसं नाही. दादाच म्हणाले, “ताई, महिन्याची गॅरंटी देतो. दोन वर्षांची कोणी देईल तर त्याच्याकडे जा.” शॉर्ट निघाला तरी बॅटरी पाऊण तासातच संपत होती, ती २,४०० ला नवी टाकली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण आठव्या जनरेशनपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. माझा सातव्या! एका मार्काने नापास झाल्यासारखं. म्हणून लिनक्स टाकलं. व्हिवाडो चालतं, कायकॅड चालतं, मॅटलॅबच्या जागी ऑक्टेव्हवर भागतं. एक सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर काही केल्या चालत नाही, त्याच्यासाठी लॅबच्या पीसीसमोर नंबर लावावा लागतो. रॅम १६ करायचा विचार होता, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की तो विचार सोडून दिला. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या सर्व्हरकडे, आपल्या वाट्याला महागाई.

म्हणजे एकूण ३,६०० रुपये आणि थोडी गैरसोय. मला परवडली. सगळ्यांना परवडेलच असं नाही. माझ्या रूममेटच्या लॅपटॉपमध्ये चहा गेला आणि तिने नवीन घेतला, तिचं बरोबरच होतं. तिचा पातळ मॉडेल, रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, आणि चहा प्रोसेसरच्या खाली शिरलेला. तिथे पाय दिसतच नाहीत, चिपच्या पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असतात. एका दुकानात “गरम करून चालू करून देतो” म्हणाले. असं गरम केलेलं काही दिवस किंवा आठवडे चालतं आणि पुन्हा बसतं, असं दादांनीच मला सांगितलं होतं. तिने पैसे वाचवले. तिची खरी रडारड डेटाची. डिस्क एन्क्रिप्टेड होती, त्यामुळे दुसऱ्या मशीनला लावूनही रिकव्हरी की शिवाय उघडेना. की अखेर तिच्या ईमेलच्या अकाउंटवर सापडली, रात्री दोनला. तुमची कुठे आहे, आजच बघून ठेवा, जेवायला जायच्या आधी! आणि कोणाच्या लॅपटॉपचं टचपॅड वर आलं असेल तर खाली बॅटरी फुगली आहे. तिला दाबून बसवू नका. लॅपटॉप बंद करा आणि ती काढून घ्या.

सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. चांगलं आहे, सुट्या भागांची, सर्व्हिसची माहिती एका जागी मिळावी म्हणून. पण दादांना लागतं ते बोर्डाचं सर्किट डायग्राम, आणि ते कंपन्या सहसा बाहेर देत नाहीत. दादा जुन्या मेलेल्या बोर्डांवरून शिकलेत. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नाही. आम्ही पाच सेमिस्टर सर्किटं सोडवतोय, पण सगळी चालू असलेली! मेलेलं सर्किट कुठे मेलंय, हा प्रश्न अजून एकाही पेपरात आलेला नाही. सरांनी रागावू नये. पण लॅबच्या एका कपाटात दहा-बारा बंद बोर्ड ठेवले तर काका शिकवायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

सबमिशन वेळेत झालं. बाबांनी सोसायटीचा फॉर्म आणून ठेवला होता, तो तसाच कोरा राहिला. फोनवर त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. एक व्होल्ट, अल्कोहोल, वाळलेला ठिपका. त्यांनी दोनदा विचारून घेतलं की तापतो कसा. मग म्हणाले, “तो खराब निघालेला तुकडा टाकलास काय? टाकू नकोस. येताना घेऊन ये, बघू तरी.”

सेलोटेपवर चिकटवून कंपासपेटीत ठेवलाय. परीक्षा संपली की नेणार आहे.

– तृतीय वर्ष, ईएनटीसी